वय अठरा, पण दाखला कुठे?

महोदय,

शरीरसंबंधाला संमती देण्याचे वय अठराच ठेवावे की सोळावर आणावे, यावर हिरिरीने लिहिले जाते. विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात ते खाली आणू नये असे सांगितले आणि आमच्या मते ते बरोबरच आहे. पण पोक्सोचा, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालचा खटला पुष्कळदा त्याच्या आधीच अडखळतो. पीडित मूल घटनेच्या दिवशी अठराच्या आत होते, हेच सरकार पक्षाला सिद्ध करता येत नाही.

वय ठरवण्याचा क्रम बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ मध्ये आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. यादीत आधार कार्ड नाही. ट्रान्स्फर सर्टिफिकेट (शाळा सोडल्याचा दाखला) पुरेल म्हणावे, तर जुलै २०२३ मध्ये पी. युवाप्रकाश खटल्यात सुप्रीम कोर्टाने तेही मानले नाही आणि आरोपी सुटला. हाडांच्या तपासणीत वर्ष-दोन वर्षे इकडेतिकडे धरतात, त्याचा फायदा आरोपीलाच. मुलगी सोळा-सतराची असेल तर खटला तिथेच संपतो.

आपल्याकडची गोम वेगळीच. शाळेच्या जनरल रजिस्टरात १ जून ही जन्मतारीख किती मुलांची असते पाहा! जन्मदाखला नाही, पहिलीला वय तर बसायला हवे, म्हणून गुरुजींनीच सोयीची तारीख टाकलेली. (त्यांचा हेतू चांगलाच असतो.) उलटतपासणीत मुख्याध्यापकांना दोन प्रश्न पुरतात: नोंद कोणी केली आणि कशावरून? ‘त्या वेळी मी या शाळेत नव्हतो,’ एवढे उत्तर आले की नोंदीचे वजन गेले. ऊसतोड कुटुंबात तर बाळंतपण फडावर, शाळा गावी आणि जन्माची नोंद कुठेच नाही.

जन्म जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे २१ दिवसांत नोंद फुकट होते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षाच्या आत वरिष्ठांची परवानगी आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच लागेल. पण आज वर्गात बसलेली मुले त्याआधीची आहेत. त्यांचे दाखले आताच काढायला हवेत, कारण गुन्हा घडल्यावर काढलेल्या दाखल्याकडे कोर्ट संशयानेच पाहणार.

शाळांनी पालकांच्या सही-अंगठ्याचा प्रवेश अर्ज आणि त्याला जोडलेला पुरावा रद्दीत घालू नये. तपास अधिकाऱ्यांनी झेरॉक्सवर न भागवता जन्मनोंदीचा प्रमाणित उतारा दोषारोपपत्राला जोडावा आणि निबंधकाला साक्षीदारांच्या यादीत घ्यावे. शिक्षण विभागाने १ जूनच्या नोंदी असलेल्या मुलांची यादी शाळांकडून मागवून ती ग्रामपंचायती व नगरपालिकांकडे पाठवावी, अशी आमची मागणी आहे.

— पोक्सो खटल्यांचे काम पाहणारे काही वकील