रिकाम्या पोटी निघू नकोस

आचरा, ता. मालवण
मंगळवार, रात्री

चि. मंदार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू मधेच फोन ठेवलास म्हणून लिहायला बसले. फोनवर माझा आवाज चढतो आणि तुझा बंद होतो. बसमध्ये तुला चक्कर आली हे ताईकडून कळलं, तेही इतक्या दिवसांनी. डॉक्टर फक्त रिकाम्या पोटी राहू नका आणि रक्त तपासून घ्या म्हणाले ना? मग आमच्यापासून लपवण्यासारखं त्यात काय होतं? जाऊ दे. चिडायचं नाही असं ठरवून पेन हातात घेतलंय. आज तुला ऑमलेट शिकवते, बाकी काही नाही.

बाबांनी बिडाचा छोटा तवा तेलवून ठेवलाय. शुक्रवारच्या पुण्याच्या गाडीने बाळू येतोय, त्याच्याकडे देते. तू अण्णा आजोबांचा ॲल्युमिनियमचा तवा मागितला होतास, पण तो तुझ्या इंडक्शनवर तापायचा नाही, त्याला लोखंडच लागतं. बिडाच्या तव्याला फक्त एक सांभाळायचं. पाण्यात भिजत टाकलास की गंज चढतो. धुतल्यावर लगेच कोरडा कर आणि तेलाचा हात फिरव.

अंडी थोडी थोडीच आण. शंका आली तर पाण्यात सोडून बघ. आडवं बसलं तर ताजं, उभं राहिलं तर आधी ते संपव, तरंगलं तर फेकून दे. कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यातून आतला ओलावा उडतो आणि हवेची जागा वाढत जाते, म्हणून जुनं अंडं हलकं होतं. आणल्या आणल्या धुऊन ठेवू नकोस, वरचं संरक्षक आवरण जातं. गावठीच हवीत म्हणून तिथे दुप्पट पैसे मोजू नकोस. पांढऱ्या दोन अंड्यांतही 12-13 ग्रॅम प्रोटीन मिळतं. सकाळी एवढं पोटात गेलं तर दुपारपर्यंत मला काळजी नाही.

कांदा रात्रीच बारीक चिरून डब्यात ठेव, म्हणजे सकाळी ‘वेळ नाही’ म्हणायला नको. एक मिरची, कोथिंबीर देठासकट, चिमूट हळद, आणि मी पाठवलेला मालवणी मसाला अगदी नखभर. अंडं आधी वाटीत फोड, थेट सगळ्यात नको. एखादं खराब निघालं तर बाकीचं वाया जात नाही. मग काट्याने फेट, पांढऱ्याचे दोरे दिसेनासे होईपर्यंत. चमचाभर पाणी घाल, त्याची वाफ होते आणि ऑमलेट फुगतं. मीठ आणि कांदा शेवटी, तवा तापल्यावरच. आधी घालून ठेवलास तर कांद्याला पाणी सुटतं.

आच मध्यम. थेंब टाकल्यावर हलकं चुरचुरलं पाहिजे, धूर नको. अंड्याचा पांढरा भाग 60 अंशांच्या पुढे धरायला लागतो, पाणी उकळायच्या कितीतरी आधी. भडक आचेवर ते आवळतं, आतलं पाणी बाहेर टाकतं आणि चिवट होतं. ओतल्यावर कडा कालथ्याने मधे ओढ, तवा कलता कर, वरचं कच्चं खाली जाऊ दे. मग झाकण. वर ओलं दिसेनासं झालं की उलट आणि लगेच उतरव. तवा गरम असतो, ऑमलेट खाली काढेपर्यंत शिजतच राहतं.

बघ, वर्गात फळ्यापुढे उभी राहिल्यासारखी बोलायला लागले. माफ कर. सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवून शिकवून तोंडाला सवय झालीय. तू हे सगळं वाचून शोधून काढशील हे मला कळतं. वाडीत कुणी विचारलं की बाबा तुझ्या कंपनीचं नाव दोनदा सांगतात, समोरच्याला पहिल्यांदा ऐकू आलं असलं तरी. एवढं मोठं काम करणारा मुलगा उपाशी का निघतो, हे मात्र आमच्या डोक्यात शिरत नाही.

हे ऑमलेट अण्णांचं. 1982 च्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याच वर्षी पावसाच्या तोंडावर अण्णा घरी आले. वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि तो तवा. लालबागला गावकरी मंडळाच्या खोलीत राहायचे, तिथेच हे शिकले. अंगणात उभे होते तेव्हा मी ओळखलं नाही. सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं होतं आणि कॉलरमध्ये मान सैल फिरत होती. मनीऑर्डर त्यांनी कधी चुकवली नव्हती. खानावळीचं एका वेळचं जेवण बंद करून ते पैसे पाठवत होते, हे आईला फार उशिरा कळलं. घरी आल्यावर ऑमलेट करायचे, आम्हा भावंडांना भाग घालायचे, आणि त्यांच्या ताटलीत काही नसायचं. विचारलं की म्हणायचे, ‘माका भूक नाय.’

काल तू म्हणालास, ‘भूक नाही गं.’

तुला बोल लावत नाही रे. तुला तेव्हा भूक नसेलही. पण गावपळणीला, सगळं गाव घरं सोडून बाहेर पडलं होतं तेव्हा, आपण वेशीबाहेर राहुटीत होतो, आठवतं? गुरं, कोंबड्या, मोत्या, सगळी वरात बरोबर. तांबडी कोंबडी तुझ्या गोधडीवरच अंडं घालून गेली. ते दोन्ही तळव्यांत धरून तू माझ्यामागे फिरत होतास, ‘अजून गरम आहे, अजून गरम आहे’ करत. तीन दगड मांडून त्याच तव्यावर करून दिलं. ताईला कोपरा तोडून दिलास तोही नखाएवढा, आणि दोन भाकऱ्या संपवल्यास. त्या पोराला भूक नाही, हे मी कसं मानू?

आता खरं विचारते, राग येऊ दे. कौलांसाठी दर महिन्याला पैसे पाठवतोस, ते कुठून काढतोस? खोलीचं भाडं, बसचा पास, सगळं वजा करून मी मनात हिशेब मांडला, तो जेवणापाशी येऊन अडतो. बाबांना सांगितलं तर म्हणाले, उगाच काहीतरी काढू नकोस. आणि मग तेच रात्रभर कूस बदलत राहिले.

म्हणून या महिन्याचे पैसे तुझ्या खात्यात परत टाकलेत. पुन्हा पाठवू नकोस. पडवीवरची फुटकी कौलं तेवढी बदलून घेऊ, बाकीचं पुढच्या वर्षी. माझा पगार चालू आहे, बागेचंही थोडं येतं. तू त्यातून दूध लाव, अंडी आण, दुपारचा डबा सुरू कर. आणि ते रक्त तपासायला सांगितलंय ते याच आठवड्यात करून घे. रिपोर्ट ताईला नाही, मला पाठव.

पुन्हा तेच तेच झालं ना? होऊ दे.

तुझी,
आई

ता. क. सोमवारी तू अंडं खात नाहीस हे लक्षात आहे. घावण्याचं पीठ बांधून दिलंय. तवा तोच चालेल, पण पहिलं घावण चिकटलं तर घाबरू नकोस, तेलात बुडवलेला अर्धा कांदा तव्यावर घासून दुसरं घाल.