पॉलिसीच्या मागच्या पानावरचे कलम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपीय संघाने 18 जुलै 2025 रोजी वाडीनारच्या रिफायनरीवर निर्बंध घातले, तेव्हा गुजरातेत त्यावर बरीच चर्चा झाली. तेल, टँकर, रशियाची भागीदारी, सगळे बोलून झाले. विम्याकडे मात्र फारसे कोणी वळले नाही.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझे पंपांच्या सुट्या भागांचे छोटे वर्कशॉप आहे. तेलाशी माझा संबंध स्कूटरमध्ये पेट्रोल भरण्यापुरता. पण अशाच निर्बंधांपायी माझा सात लाखांचा क्लेम गेले दीड वर्ष अडकून पडला आहे.

इराकमधल्या बसऱ्याच्या एका गिऱ्हाइकाला इंपेलर आणि शाफ्ट पाठवले होते. कंटेनर दशरथच्या डेपोतून मुंद्रा बंदराला गेला आणि दुबईच्या जेबेल अली बंदरात दुसऱ्या जहाजावर चढला. ते जहाज कोणाचे, हे मालवाहतूक जुळवून देणाऱ्या फॉरवर्डरने सांगितले नाही, मीही विचारले नाही. कोण विचारतो? कंटेनरच्या छताला भोक होते. पेट्या उघडल्या तर आतला तेलकट कागद भिजून लगदा झालेला, शाफ्टवर तांबडा गंज, तळाला खारे पाणी. तिथल्या सर्व्हेअरने फोटो काढून नुकसान लिहून दिले. इथे कंपनीने मागितले ते सगळे कागद दिले. मग तीन ओळींचा मेल आला: जहाजाचा मालक अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत आहे, सबब क्लेम थांबवला आहे.

कपाटातून पॉलिसी काढली. मागे जोडलेल्या सतराव्या पानावर ते कलम सापडले. परिच्छेदभर लांबीचे एकच इंग्रजी वाक्य. मतलब असा, की पैसे दिल्यामुळे कंपनी संयुक्त राष्ट्रांच्या किंवा युरोपीय संघ, ब्रिटन, अमेरिका यांच्या निर्बंधांच्या कचाट्यात सापडणार असेल, तर ती क्लेम द्यायला बांधील नाही. पॉलिसी भारतातली, हप्ता रुपयांत, आणि कलमात भारताचे नावही नाही! एकेकट्या देशांनी लादलेले निर्बंध आपण मानत नाही, असे आपले परराष्ट्र खाते वाडीनारच्या वेळीही म्हणाले. म्हणजे जी यादी माझे सरकार मानत नाही, तिच्यावर माझे पैसे अडले. विमा एजंटला विचारले तर तो थंडपणे म्हणाला, "भाई, ए तो बधामां होय." (ते तर सगळ्यांतच असते.)

कंपनीची गोची मला कळते. मोठी जोखीम ती एकटी पेलत नाही, पुनर्विमा करून वाटून टाकते. लंडन-म्युनिकच्या पुनर्विमा कंपन्यांनी आपल्या करारात हे कलम घातले, की इथल्या कंपनीलाही घालावे लागते, नाहीतर सगळा भार तिच्यावर. हे आजचे नाही. 1 जुलै 2012 पासून युरोपने इराणी तेल नेणाऱ्या जहाजांचा विमा बंद केला, तेव्हा आपल्या सरकारी विमा कंपन्यांना पुढे यावे लागले. 2013 मध्ये मंगळूरच्या रिफायनरीने काही महिने इराणी तेल घेणे थांबवले, कारण ते तेल वापरले तर खुद्द रिफायनरीचाच विमा धोक्यात होता. रशियाच्या बाबतीत तर विमा हेच हत्यार झाले. 5 डिसेंबर 2022 पासून नियम असा, की पिंपाला 60 डॉलरपेक्षा महाग रशियन कच्चे तेल नेणाऱ्या जहाजाला पाश्चात्त्य विमा मिळणार नाही. (पुढे युरोपने ही मर्यादा आणखी खाली आणली.) जगातल्या जहाजांच्या टनभारापैकी सुमारे 90 टक्क्यांचा त्रयस्थांच्या नुकसानीचा विमा जहाजमालकांच्या मूठभर विमा-क्लबांकडे आहे, त्यातले बहुतेक युरोपातले, म्हणून ही मेख बसते. तेलवाल्यांनी रशियन विमा कंपन्या गाठल्या, आपल्या नौवहन महासंचालनालयाने त्यांना मान्यताही दिली. इंपेलर विकणाऱ्यासाठी कोण एवढी खटपट करणार?

कलम काढून टाका, असे मी म्हणत नाही. ते निघणार नाही. पण विमा नियामकाने एवढे तरी करावे: ते पॉलिसीच्या पहिल्या पानावर, गुजराती-हिंदीत छापायला लावावे. जहाजांच्या याद्या आणि त्या तपासणारी माणसे कंपनीकडे असतात, तेव्हा वाटेत जहाज बदलणार असेल तर त्याचे नाव तपासण्याची जबाबदारी तिच्यावर टाकावी, आणि तीही माल चढण्याआधी. क्लेम आल्यावरच यादी उघडायची, हा कुठला न्याय? आणि कलम लावून क्लेम नाकारला, तर त्या खेपेचा हप्ता परत करावा. तोही अजून कंपनीकडेच आहे.

बसऱ्याची दुसरी खेप याच महिन्यात निघते आहे. जेबेल अलीपासून पुढचे जहाज कोणते, हे या वेळी फॉरवर्डरला लेखी विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.

आपला,
मकरपुऱ्यातील एक लघुउद्योजक
दांडिया बाजार, बडोदे