तुटलेल्या तारेत पुन्हा वीज नको

महोदय,

वळवाचे वारे सुटले की सोलापूर जिल्ह्यातल्या ११ केव्ही लाइनवर बाभळी-लिंबाच्या फांद्या घासतात, ढिल्या तारा एकमेकींना भिडतात. असा दोष बहुतेक वेळा क्षणात निघून जातो. रिक्लोजर, म्हणजे लाइनवरचा आपोआप चालू-बंद होणारा स्विच, वीज तोडतो, थोडं थांबून पुन्हा जोडतो आणि लाइनमनची रात्रीची खेप वाचते. यंत्र उपयोगाचंच आहे. सगळ्या फीडरना (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनींना) एकच सेटिंग भरून मोकळं होणं मात्र घातक आहे.

तार तुटून कोरड्या मुरमावर पडली तर जमिनीत जेमतेम काही अँपिअर जातात. फीडरचा कमाल भार १२० अँपिअर धरून ओव्हरकरंटचा (जादा प्रवाहाचा) पिकअप, म्हणजे ज्या प्रवाहाला यंत्र वीज तोडायला घेतं तो आकडा, १८० ठेवला असेल, तर त्याला ही तार दिसतच नाही. म्हणून संवेदनशील अर्थ फॉल्ट, म्हणजे जमिनीत जाणारा छोटा प्रवाहही पकडणारं संरक्षण, वेगळं चालू हवं. आपल्या ११ केव्ही लाइनला न्यूट्रल (परतीची तार) नसते, वितरण ट्रान्सफॉर्मरची उच्चदाबाची बाजू डेल्टा (तीन तारांमध्येच जोडलेली, जमिनीशी न जोडलेली) असते. त्यामुळे घरगुती भार असमान असला तरी हे संरक्षण फसत नाही आणि पिकअप ५ ते १० अँपिअरपर्यंत, काही सेकंदांच्या विलंबासह, खाली आणता येतो. फीडरवर केबल असेल तर तिचा चार्जिंग करंट (केबल स्वतःच घेते तो प्रवाह) आधी मोजावा. आणि या ट्रिपनंतर (वीज तुटल्यावर) पुन्हा जोडणी एकदाही नको. त्या तारेजवळ माणूस किंवा बैल असू शकतो. एवढं करूनही अगदी कोरड्या जमिनीवरची एखादी तार निसटते, म्हणून पडलेल्या तारेला मेलेली समजू नये.

शेतीच्या फीडरवर अडचण वेगळी. पाळीची वीज आली की ऑटोस्विचमुळे सगळे पंप एकदम उठतात. ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण भाराला ११ केव्हीवर ३.३ अँपिअर घेतो, पण मोटारी सुरू होताना सहापट, म्हणजे २० च्या घरात. असे दहा ट्रान्सफॉर्मर एकत्र आले की १८० ओलांडलेच! रिक्लोजर दोष समजून तोडतो, जोडतो, शेवटी लॉकआउट होतो, म्हणजे माणूस येऊन चालू करेपर्यंत बंदच राहतो. मग वैतागून पिकअप वाढवून ठेवला जातो आणि लाइनच्या शेवटच्या टोकाचा दोन तारांतला दोष नजरेआड होतो. त्यापेक्षा वीज आल्यावर मिनिटभरच पिकअप वाढवणारं कोल्ड लोड सेटिंग वापरावं. शेतकऱ्यांनीही ऑटोस्विच काढावेत, निदान प्रत्येकाचा विलंब वेगळा ठेवावा.

रिसेट टाइमकडे, म्हणजे वीज टिकून राहिली तर ट्रिपची मोजणी शून्य व्हायला लागणाऱ्या वेळेकडे, फारसं कुणी बघत नाही. तो १० सेकंद ठेवला आणि वाऱ्याने तारा दर २०-२५ सेकंदांनी भिडत राहिल्या, तर मोजणी दर वेळी शून्यावर जाते. रिक्लोजर लॉकआउट होतच नाही, जंपर (तारा जोडणारे तुकडे) मात्र जळतात. पुढे सेक्शनलायझर (ट्रिप मोजून लाइनचा पुढचा भाग वेगळा करणारा स्विच) असेल तर त्याची मोजणी रिक्लोजरपेक्षा एकने कमी हवी: चौथ्या ट्रिपला लॉकआउट असेल तर तिसरीनंतर, लाइन मेलेली असतानाच, त्याने उघडायला हवं. त्याला दोषाचा प्रवाह तोडता येत नाही.

वीज कंपनीने वळवाआधी प्रत्येक रिक्लोजरचं सेटिंग त्या फीडरच्या आजच्या भाराशी ताडून पाहावं, आणि कंट्रोल बॉक्समधली बॅटरीही भार देऊन तपासावी. चाळीस अंशांवरच्या उन्हात ती लवकर संपते.

– एक विद्युत अभियंता, सोलापूर