नॅनो लेपापेक्षा पाण्याची टाकी हलवा

महोदय,

नाशिकजवळच्या एकलहरेसारख्या औष्णिक केंद्रात एक युनिट विजेमागे साधारण ७०० ते ८०० ग्रॅम कोळसा जळतो. छतावरचा ३ किलोवॉटचा सौरसंच नाशिकच्या उन्हात दिवसाला सरासरी १२ युनिट देतो. पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपये अनुदान आहे. म्हणून पॅनेल वाढताहेत, आणि पाठोपाठ ‘नॅनो कोटिंग’ (पॅनेलच्या काचेवर चढवायचा अतिसूक्ष्म लेप) विकणारेही दारात येऊ लागले आहेत.

हे तंत्र खोटे नाही. साधी काच पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकते. सिलिकाच्या सूक्ष्म सच्छिद्र थरामुळे त्यातला बराचसा आत जातो. पण बहुतेक नव्या पॅनेलवर हा थर कारखान्यातूनच आलेला असतो. वर दुसरा लेप चढवला तर ती छिद्रे बुजू शकतात, हमीही धोक्यात येऊ शकते. पाणी झटकणारा लेप धूळ घालवतो तो पावसाच्या साहाय्याने. आपल्याकडे डिसेंबर ते मे पाऊस कुठे असतो?

त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी, सकाळी काच थंड असताना, मऊ ब्रशने धुवा. बोअरचे जड पाणी वापरून तसेच वाळू दिले तर क्षारांचे पांढरे डाग बसतात. खालच्या चौकटीशी साचलेली माती आधी काढा. टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी साध्या स्ट्रिंग इन्व्हर्टरवर (ज्याला पॅनेल एकामागोमाग एका ओळीत जोडलेली असतात) संपूर्ण ओळीचे उत्पादन घटू शकते. हे विक्रेता क्वचितच सांगतो.

– एक सौर तंत्रज्ञ, सिडको, नाशिक