एकच वचन नको, अख्खा अध्याय वाचा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या पेपर उघडला की लढाया, गेलेल्या नोकऱ्या, आजारपणं, मनावरचा ताण हेच सगळं समोर येतं, तुमचा त्यात दोष नाही, जे घडतंय तेच तुम्ही छापणार. पण हे सगळं वाचून माणसाने धीर आणायचा कुठून, हा प्रश्न हल्ली जो भेटतो तो विचारतो. मी ख्रिस्ती आहे, बरीच वर्षं रोज बायबल वाचते, आणि या एका प्रश्नावर मला जे मनापासून सांगावंसं वाटतं ते लिहितेय. जागा असली तर जरूर छापा.

माझं म्हणणं असं आहे की बायबलमधून आशा मिळते ती रोज, क्रमाने, न आवडणारा भागसुद्धा न गाळता वाचल्याने. हल्ली होतं काय, सकाळी मोबाईलवर एक वचन येतं, मागे सूर्योदयाचा फोटो, आपण ते वाचतो, आवडलं तर स्टेटसला ठेवतो, चार ग्रुपवर फॉरवर्ड करतो आणि वाचन झालं असं धरतो. वचन खरंच असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण ते मागच्या-पुढच्या ओळींतून उचलून आणलेलं असतं आणि ज्याच्या घरात खरोखर काहीतरी कोसळलंय त्याला ते वरवरचं वाटतं, की यांना काय जातंय बोलायला.

यिर्मया हा बायबलमधला संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारा. त्याच्या पुस्तकातल्या 29व्या अध्यायातलं 11वं वचन घ्या. बाबेलच्या राजाने यरुशलेमहून धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेल्या पत्रातलं ते आहे. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला चांगले दिवस आणि आशा द्यावी असे आहेत, असं देव म्हणतो. हे वचन सगळ्यात जास्त फिरतं. आता त्याच्या बरोब्बर वरचं, 10वं वचन वाचा. तिथे लिहिलंय की बाबेलची 70 वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर! म्हणजे ज्यांना हे पत्र पहिल्यांदा वाचून दाखवलं गेलं त्यातली मोठी माणसं तिथेच मरणार होती, आणि त्यांना ते ऐकतानाच कळलं असणार. आणि आदल्याच 28व्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा लोकांना छातीठोकपणे सांगत होता की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, घाबरू नका. लोकांना कोणाचं ऐकावंसं वाटलं असेल ते सांगायला नको. यिर्मया मात्र लिहितो, घरं बांधा, राहा, मळे लावा, त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं लावा, आणि ज्या परक्या शहरात तुम्हाला धरून नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे सगळं वाचून मग 11व्या वचनावर आलं की त्याचं वजन कळतं, कारण ही आशा खोटी तारीख देत नाही, आणि तोवर जगायचं कसं ते मात्र सांगते.

तेच विलापगीताचं. लहानसं पुस्तक आहे, 5 अध्याय फक्त, इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडलं त्यानंतरचं रडणं आहे ते. त्यातलं सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य म्हणजे परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते, आणि ते आहे पुस्तकाच्या मध्यावर, तिसऱ्या अध्यायाच्या 22 आणि 23 व्या वचनात. त्याच्या थोडं आधी, 16 व्या वचनात, हाच माणूस म्हणतोय की देवाने खडे चावायला लावून माझे दात पाडले, आणि 18 व्यात म्हणतोय माझी परमेश्वरावरची आशा गेली. गेली म्हणतोय तो, स्पष्ट. आणि तीनच वचनांनंतर, 21 व्यात, मी हे मनात आणतो म्हणून मला आशा आहे असं म्हणतो! मध्ये परिस्थिती काहीही बदललेली नाही, शहर तसंच पडलेलं आहे, लोक तसेच उपाशी आहेत, आणि पुस्तकाचा शेवट तर एका धास्तीवर होतो की देवाने आपल्याला कायमचं टाकून तर दिलं नाही ना. मला हा भाग फार मोलाचा वाटतो, कारण ज्याला आशा गेल्यासारखं वाटतं त्याला आपण विश्वासात कमी पडलो असं वाटायचं कारण उरत नाही, ते शास्त्रातच लिहून ठेवलंय.

माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात मी रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून फोनवर बायबलमधली स्तोत्रं, म्हणजे प्रार्थनागीतं, वाचायचे, ब्राइटनेस कमी करून, म्हणजे शेजारच्या नातेवाईकांची झोप मोडू नये. 13 वं स्तोत्र सहाच वचनांचं आहे आणि त्यातल्या पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'कोठवर?' असा प्रश्न आहे. एका रात्री क्रमाने वाचताना 88 वं आलं, ते तर अंधारातच संपतं, दिलाशाचं एकही वाक्य शेवटी नाही. आधी मला ते पुढे ढकलावंसं वाटलं पण वाचलं, आणि त्या रात्री जेवढं सोबत असल्यासारखं वाटलं तेवढं कुठल्याच गोड वचनाने वाटलं नव्हतं. वडील गेले. वाचन चालू राहिलं, आणि खरं सांगते, त्यानंतरच्या दिवसांत मला उभं ठेवलं ते त्या सवयीने, कारण मन इतकं सुन्न होतं की काय वाचावं हे ठरवायची ताकदच नव्हती, आणि ठरवावं लागलंही नाही, कालच्या पुढचा अध्याय उघडायचा एवढंच.

डिट्रिच बॉनहोफर या जर्मन पाळकांना हिटलरच्या राजवटीने एप्रिल 1943 मध्ये तुरुंगात टाकलं आणि 9 एप्रिल 1945 ला फाशी दिलं. तुरुंगात गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच त्यांनी कळवलं होतं की बायबल पहिल्यापासून सलग वाचतोय, आणि स्तोत्रं रोज, जशी कितीतरी वर्षं वाचत आलोय तशीच. ती सवय आधीपासूनची होती म्हणून कोठडीत कामाला आली असं मला वाटतं. संकट आल्यावर पहिल्यांदा बायबल उघडलं तरी देव ऐकतो, त्यात शंका नाही, पण बरे दिवस असताना वाचलेलं वाईट दिवसांत आपोआप ओठांवर येतं हा माझा आणि माझ्या ओळखीतल्या कित्येकांचा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. नैराश्याने खरंच ग्रासलेल्या माणसाला 'बायबल वाच, बरं वाटेल' एवढं सांगून कोणी मोकळं होऊ नये. बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकाचा अध्याय 19 बघा. एलीया एवढा मोठा संदेष्टा, पण ईजबेल राणीच्या धमकीने पळाला, रानात एका झाडाखाली बसला आणि आता पुरे, माझा जीव घे म्हणाला. देवदूताने त्याला ना उपदेश केला ना जाब विचारला. त्याला झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खायला लावलं, कारण पुढची वाट तुला झेपणार नाही म्हणाला. देवाचं बोलणं त्यानंतरचं आहे. म्हणून डॉक्टर, औषध, झोप, जवळ बसणारं माणूस हे सगळं आधी किंवा बरोबरीने हवंच, शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता हे आपण विसरतो.

ज्यांनी कधीच वाचलं नाही त्यांनी मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करावी, येशूचं जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांमध्ये सगळ्यात लहान तेच, 16 अध्याय, आणि सोबत रोज एक स्तोत्र, 150 आहेत, पाचेक महिने जातात. ख्रिस्ती असायलाच पाहिजे असंही नाही. वर्षात संपूर्ण बायबल करायचं तर रोज तीन-चार अध्याय होतात, पण पहिल्याच वर्षी हा हट्ट नको, लेवीय आणि गणना या पुस्तकांपाशी भलेभले थांबतात. खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई करायला जाऊ नये, जिथे खूण ठेवली तिथून पुढे. मोठ्याने वाचलं तर जास्त लक्षात राहतं, निदान माझ्या तरी.

आणि आपल्याला एक विनंती. सुविचाराच्या जागी कधी बायबलचं वचन छापलंत तर खाली पुस्तकाचं नाव आणि अध्याय तेवढा नक्की द्या, म्हणजे ज्याला गरज आहे त्याला मागचं-पुढचं उघडून वाचता येईल.

आपली,
एक वाचक