बाबा, मी ती गोळी नको म्हणाले त्याबद्दल

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन आईकडे दिला. तेव्हापासून मला चैन नाही. बाबांचा मुतखडा पडावा म्हणून द्यायची ती टॅमसुलोसिनची गोळी सुरू करायची नाही हे मी परस्पर डॉक्टरांशी बोलून ठरवलं. बाबा, आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, तिथे माझं चुकलं. पण मी असं का ठरवलं ते नीट ऐकून घ्या.

नानाकाकांचा खडा त्याच गोळीने पडला, हे तुम्ही तीनदा सांगितलंत. त्यांचा खडा सात मिलिमीटरचा होता, तुमचा चारचा आहे, आणि तोही अगदी खाली, मूत्राशयाच्या तोंडाशी येऊन थांबलाय. गोळी मूत्रवाहिनीचे स्नायू सैल करते, वाट थोडी मोकळी होते. चीनमध्ये 3,296 रुग्णांवर मोठी चाचणी झाली. त्यात गोळी घेणाऱ्या 86 टक्के लोकांचे खडे पडले आणि औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्या 79 टक्के लोकांचे. फरक पडला तो मुख्यतः पाच मिलिमीटरहून मोठ्या खड्यांत. ब्रिटनमध्ये 2015 साली टॅमसुलोसिन, निफेडिपिन आणि औषध नसलेली गोळी अशी तुलना झाली. चार आठवड्यांत पुढचे उपचार करावे न लागलेले लोक तिन्हीकडे 80 टक्क्यांच्या आसपासच निघाले. म्हणजे लहान खडे बहुतेक आपले आपणच पडतात.

तरीही, घेतली तर बिघडलं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही आधी तेच म्हटलं होतं. पण तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. या गोळीने ऑपरेशनच्या वेळी डोळ्याची बाहुली नीट मोठी होत नाही, बुबुळाचा पडदा लुळा पडतो, आणि गोळी आधी बंद केली तरी हा धोका पुरता जात नाही. सिलोडोसिन काही तुलनांमध्ये हिच्याहून सरस ठरली, पण ती याच जातीची, तिचंही तेच. निफेडिपिन तर ब्लडप्रेशरचंच औषध, आणि तुमची एक गोळी चालू आहेच. रात्री उठताना तुम्हाला आधीच गरगरतं. खड्यापायी डोळा किंवा पडून मांडीचं हाड धोक्यात घालायला माझं मन धजेना.

कळ सोसत बसा असं मी मुळीच म्हणत नाही. दुखायला लागलं की डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी लगेच घ्यायची, सांगितलीय तेवढीच. आई, गरम पाण्याची पिशवी त्यांच्या उशाशीच ठेव, आणि संडासापर्यंतचा दिवा रात्रभर चालू राहू दे. पाण्याचे तांबेच्या तांबे पाजू नकोस, त्याने खडा लवकर पडत नाही. तहान भागेल इतकं पुरे.

मला ताप आला की बाबा, तुम्ही थर्मामीटर झटकायचात आणि खिडकीपाशी नेऊन हळूहळू फिरवत ती चकाकणारी रेघ शोधायचात. मी पांघरुणातून तुमच्या चेहऱ्याकडे बघत असायची. तुमच्या भुवया खाली आल्या की मला झोप लागायची. आता ती रेघ तुम्हाला दिसत नाही, म्हणून मी मोठ्या आकड्यांचा थर्मामीटर पाठवलाय. "मला काही होत नाही" म्हणून तो कपाटात टाकायचा नाही.

आई, रोज सकाळ-संध्याकाळ तू बघ आणि आकडा मला कळव. 100.4 किंवा वर गेला, थंडी वाजली, लघवी अडली किंवा उलट्या थांबेनात, तर माझ्या फोनची वाट न बघता, रात्र असली तरी, सरळ हॉस्पिटल गाठायचं. अडलेल्या खड्यावर ताप म्हणजे थांबायची वेळ नव्हे. लघवी गाळणीतूनच करायची बाबा, लाजू नका. खडा मिळाला की डबीत ठेवा, तपासायला द्यायचाय.

चार आठवड्यांत नाहीच पडला, तर दुर्बिणीने काढायचं बोलू. तेव्हा मात्र तुम्हाला विचारूनच.

तुमची,
बबी