चिमीच्या बोलण्याबद्दल, सविस्तर

प्रिय आई-बाबा,

सा. न.

परवा फोन ठेवता ठेवता बाबा म्हणाले, "ऑपरेशन झालं म्हणतेस, पण बोलणं तर तसंच आहे. उलट आता सर्दी झाल्यासारखं वाटतंय." मागून आईचं "अहो, राहू द्या" ऐकू आलं. राहू कशाला द्यायचं? बाबांचा कान अगदी बरोबर आहे. फोनवर आपण तिघं एकदम बोलतो आणि निम्मं सांगायचं राहतं, म्हणून लिहायला बसले.

चिमीची जन्मापासून दुभंगलेली तोंडातली टाळू शिवली तेव्हा ती वर्षाचीही नव्हती. तेव्हा आपल्याला वाटलं, झालं, सुटलो. पण टाळू शिवलेल्या मुलांपैकी साधारण पाचात एकाला पुढे बोलण्यासाठी आणखी एक शस्त्रक्रिया लागते. पहिली फसली असा त्याचा अर्थ नाही. बोलताना टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकावा लागतो. तो टेकला की नाकाकडची वाट बंद होते आणि हवा तोंडात येते. म, न, ण असे नाकातले वर्ण सोडले तर बाकी सगळ्यांना हे लागतंच. चिमीची टाळू शिवलेली होती, पण आखूड पडत होती. म्हणून तर 'आजोबा'चं 'आजोमा' व्हायचं. ओठ ती बरोबर मिटायची, पण 'ब'साठी ओठांमागे जी हवा कोंडायला हवी ती नाकातून निसटायची, आणि असा नाकातून गेलेला 'ब' म्हणजे 'म'च.

बाबा, तुम्हाला करून बघितल्याशिवाय पटत नाही, तर नाकाखाली छोटा आरसा धरा आणि 'पापापा' म्हणा. आरसा कोरडा राहील. 'मामामा' म्हटलंत की वाफ धरेल. चिमीच्या बाबतीत 'पापापा'लाही वाफ धरायची.

आताच्या या दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी नाकातून बारीक कॅमेरा आत घालून तिला वाक्यं म्हणायला लावली. फट केवढी आहे, घशाच्या बाजूच्या भिंती किती हलतात, हे त्यात दिसतं आणि त्यावरूनच काय करायचं ते ठरतं. तिच्या घशाच्या मागच्या भिंतीवरची एक पट्टी सोडवून टाळूला जोडली आहे. दोन्ही बाजूंना श्वासासाठी जागा ठेवली आहे, आणि बोलताना बाजूच्या भिंती आत सरकून ती जागा बंद करतात. हा काही नवा प्रयोग नाही. शोनबॉर्न नावाच्या जर्मन सर्जननी १८७०च्या दशकात अशी पट्टी जोडली होती. तेव्हापासून तंत्र सुधारत आलं आहे.

आता ती सर्दी. आत अजून सूज आहे, त्यामुळे सध्या वाट गरजेपेक्षा जास्तच बंद आहे. सूज उतरायला, पट्टी स्थिरावायला काही महिने जातात. खरा आवाज कळेल तो त्यानंतर. घोरणंही त्यातलंच. झोपेत श्वास मध्येच अडकतो का, यावर मात्र डॉक्टरांनी बारीक लक्ष ठेवायला सांगितलं आहे, आणि आम्ही ते ठेवतो. आतापर्यंत तसं काही दिसलेलं नाही.

पण समजा उद्या सगळी सूज उतरली, तरी चिमी लगेच स्वच्छ बोलायला लागणार नाही. हे मला स्वतःला पचायला सगळ्यात जड गेलं. शस्त्रक्रियेने घसा बदलतो, सवय बदलत नाही. बोलायला शिकण्याच्या वयात तिच्या तोंडात हवा टिकत नव्हती, म्हणून तिने स्वतःची युक्ती काढली. जी हवा वर निसटणार होती ती तिने खालीच, घशात अडवायला सुरुवात केली. खोकण्याआधी घसा जसा क्षणभर आवळतो ना, तसं. 'काका' म्हणताना जीभ मागे टाळूला लागतच नाही, नुसते घशात दोन झटके येतात. म्हणून ते 'आआ'सारखं ऐकू येतं. खरं सांगू, पोरीने हे आपलं आपण शोधून काढलं याचं मला कौतुकच वाटतं. पण आता गरज संपली तरी ती युक्ती सुटत नाही, आणि ती सोडवायचं काम सर्जनचं नाही, बोलणं शिकवणाऱ्या थेरपिस्टचं आहे.

थेरपीच्या वेळी मी समोर बसून बघते. एक रबरी नळी असते. तिचं एक टोक चिमीच्या नाकपुडीशी आणि दुसरं तिच्याच कानाशी. हवा नाकातून गेली की कानात फुस्स होतं, आणि मग ती स्वतःच मान हलवते. कुणी 'चुकलं' म्हणायची गरजच पडत नाही. 'क'साठी आधी कुजबुजत, भरपूर श्वास सोडत 'ख' म्हणायला लावतात, कारण श्वास मोकळा सुटत असताना घसा आवळता येत नाही. 'स'ला 'चमचा'तल्या 'च'वरून नेतात: दात मिटून तो 'च' म्हणायचा आणि शेवट लांबवत न्यायचा, की 'स' आपोआप येतो. परवा तो तिला पहिल्यांदा आला तेव्हा ती इतकी दचकली की हसायलाच लागली. आधी सुटा आवाज, मग अक्षर, शब्द, वाक्य, आणि शेवटी गप्पा. गप्पांपर्यंत पोचायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. घरी एकदम तासभर बसवायचं नाही, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं करायचं.

आई, तू पाठवलेल्या शिट्ट्या आणि फुगे पोचले. चिमी जाम खूश आहे, आणि शेजारी अजिबात नाहीत. खेळायला ते राहतीलच. पण फुंकर मारून टाळूला बळ येतं आणि बोलणं सुधारतं, असं नसतं. फुंकताना टाळू वेगळ्या तऱ्हेने काम करते आणि बोलताना वेगळ्या. पूर्वी असे व्यायाम सर्रास सांगायचे, अजूनही काही जण सांगतात. बोलण्याचा सराव बोलूनच होतो. मध, मसाज, जिभेखालची शीर कापून घेणं, यातलं काहीही नको. कुणी सुचवलं तर तुम्हीच परस्पर नाही म्हणून टाका.

मग तुम्ही काय करायचं? फोनवर "नीट बोल", "परत सांग" एवढं टाळा. ती आधीच दिवसभर दुरुस्त होत असते. आजी-आजोबांशी तरी तिला नुसतं बोलू दे. ती "आआ आले" म्हणाली तर "हो का, काका आले? मग काय म्हणाले?" असं विचारा. बरोबर उच्चार तिच्या कानावर पडतो आणि गोष्ट पुढे सरकते. कळलंच नाही तर सरळ सांगा, "मला ऐकू नाही आलं गं." बाबा, तुमच्या बाबतीत ते तसंही खरंच असतं. आणि मी फोन हातात घेऊन तिचं भाषांतर करायला लागले तर मला गप्प करा.

काही महिन्यांनी पुन्हा कॅमेऱ्याने तपासतील. थोडी फट राहिली असेल तर आणखी काही करावं लागेल, तशी मनाची तयारी ठेवली आहे. तुम्हीही ठेवा. कानात पाणी साचतंय का तेही सोबतच बघतील, कारण टाळूच्या मुलांना तो त्रास बऱ्याचदा असतो आणि कमी ऐकू आलं तर सगळीच मेहनत लांबते.

या आठवड्यात आम्ही 'ब'वर आहोत. रविवारी फोनवर चिमी बाबांना हाक मारणार आहे, दोन दिवस त्याचीच तयारी चालू आहे. 'आजोमा' आलं तरी बाबा, "ओ" द्याच.

तुमची,
ताई